बरडावरचे भुंगेरे आणि एक जाहीर दुरुस्ती

आमच्या घरात भाकरी गरम असतानाच हातात पडायची आणि पत्रक ओलं असतानाच. दोन्ही कसं धरायचं ते लहानपणीच शिकावं लागलं. वाशीमच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आमचं घर. पुढच्या खोलीत अब्बांचा छापखाना, मधल्या खोलीत कागदाची रिमं आणि आमची अंथरुणं, मागं अम्मीचं स्वयंपाकघर. ट्रेडल मशीन दिवसभर खटक्‌-धप्प, खटक्‌-धप्प करायचं आणि अम्मी त्याच तालावर भाकऱ्या थापायची. मशीन मध्येच थांबलं की तिचाही हात थांबायचा आणि ती आतून ओरडायची, "क्या हुआ जी, कागज फटा क्या?" घरात आम्ही आमची दख्खनी बोलायचो, पण छापखान्याचा उंबरठा ओलांडला की अब्बा वऱ्हाडीत शिरत, माझ्याशीसुद्धा. गिऱ्हाईक वऱ्हाडी, मजकूर मराठी, मग कामाच्या जागी कामाचीच भाषा, असं त्यांचं म्हणणं. अंबाडीच्या भाजीला आणि छपाईच्या शाईला आमच्या घरात एकत्र वास यायचा. आजही कुठं अंबाडी शिजत असली की मला कुणीतरी काहीतरी छापतंय असं वाटतं.

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. मोर्चाची पत्रकं, संपाची पत्रकं, फवारणीच्या औषधाची, सर्कशीची, मुशायऱ्याची, कुणाच्या तेरवीची, म्हणजे तेराव्याची. अब्बा प्रत्येकाची एक प्रत ठेवत आणि वर्षअखेरीस सुतळीनं शिवून तिचं जाड पुस्तक करत. इतर पोरी गोष्टींची पुस्तकं वाचायच्या तेव्हा मी 'बंधूंनो आणि भगिनींनो, आता गप्प बसायचे दिवस संपले' असं मोठ्यानं वाचत जेवायची. पत्रकानं मला दोन गोष्टी शिकवल्या : रागाची वाक्यं छोटी असतात, आणि अक्षर जितकं मोठं तितका आवाज मोठा. नववीत असताना आमच्या शाळेतल्या मुलींच्या संडासाला कायम कुलूप असायचं. त्यावर मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. अब्बांनी एक शब्द न बदलता छापलं. तिसऱ्या दिवशी कुलूप निघालं. त्या दिवसापासून माझा असा पक्का समज झाला की छापलेली गोष्ट खरी होते. हा समज किती धोक्याचा आहे, ते मला एका किड्यानं शिकवलं. त्याचीच ही हकीकत.

(मी काही म्हातारी झालेली नाही, तिशी नुकतीच ओलांडली आहे. आत्मकथा लिहायचं हे वय नव्हे, असं अम्मी म्हणतेच. पण अब्बांचे हात आता थरथरतात, ट्रेडल गोधडीखाली झाकून ठेवलंय आणि त्या किड्याच्या वर्षाची आठवण असलेली माणसं एकेक करून कमी होताहेत. म्हणून आत्ताच लिहिते.)

कॉलेजात आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायला इंगोले मॅडम होत्या. बुटक्या, घाईच्या, पदर कमरेला खोचलेला. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. पक्षी संपले, फुलपाखरं संपली, साप तर पोरांनी हातोहात नेले. उरले जमिनीवर पळणारे भुंगेरे. वर्गात हशा झाला. मी हात वर केला, तो काही किड्यांच्या प्रेमानं नव्हे. ज्याच्या बाजूनं कुणी नाही त्याच्या बाजूनं उभं राहायची मला घरूनच सवय होती.

शिरपूरच्या गाडीनं जायचं, फाट्यावर उतरायचं आणि डोंगराच्या वाटेनं चढून कुसळखेडला पोचायचं. गावाच्या वर सपाट, मुरमाड, उघडं असं मोठं पठार आहे. गावातले लोक त्याला बरड म्हणतात. कागदोपत्री ती ई-क्लासची जमीन, म्हणजे सरकारी, गावच्या गुरांनी चरावं म्हणून सोडलेली. झाड जवळजवळ नाही. पावसाळ्यात गुडघाभर गवत, नंतर त्या गवताची कुसळं. ती सलवारीत शिरली की घरी येऊन अर्धा तास वेचत बसावं लागायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही वाटलं, इथं काय असणार?

मॅडमनी पद्धत समजावली होती. प्लास्टिकचा पेला जमिनीत असा पुरायचा की त्याची कड मातीच्या बरोबर यावी, ना वर ना खाली. आत थोडं मिठाचं पाणी. वर चार खड्यांवर टेकवलेला एक सपाट दगड, म्हणजे पाऊस आत जात नाही. भुंगेरा रात्री शिकारीला निघतो, पळता पळता पेल्यात पडतो. काही दिवसांनी सकाळी जाऊन काढायचे. मी मंडपवाल्याकडून लग्नातले उरलेले पेले आणले आणि तीन जागी पुरले : उघड्या बरडावर, नाल्याकाठच्या झुडपांत, आणि शेजारच्या टेकडीवर. त्या टेकडीवर काही वर्षांपूर्वी चर खोदून निलगिरी लावलेली होती. पहिल्या खेपेला मी मोठ्या अभिमानानं पेले काढायला गेले, तर बरडावरचे सगळेच्या सगळे उखडलेले, चाटूनपुसून कोरडे. आणि समोर कमरेवर हात ठेवून एक उंच, काळीसावळी बाई उभी.

"तूच का वं ते पेले गाडणारी?"

"हो."

"माह्या बकऱ्याइले काय पाजून राह्यली? चार दिवस झाले, साऱ्या इकडंच पळतात. खालच्या बाजूले चरतच नाईत."

ती तुळसामाय. गावातल्या बकऱ्या आणि थोड्या मेंढ्या बरडावर चारायला तीच नेई. मी घाबरत सांगितलं की नुसतं मिठाचं पाणी आहे, किडे पकडायला. ती खो-खो हसत खालीच बसली.

"वा रे शिकेल पोट्टी! बकरीच्या रानात मीठ गाडलं आन् म्हणते किडे पकडतो. अवं, मिठासाठी बकरी मालकाले इकून टाकीन!"

जमिनीवरच्या भुंगेऱ्यांचा अभ्यास जगात पुष्कळांनी केला असेल, पण तो बकऱ्यांना चाटवून सुरू करणारी मीच असेन. मग तुळसामायनंच युक्ती सांगितली. मिठाऐवजी शिर्का घाल, बकरी वास घेऊन मागं सरते. वर जड दगड ठेव, आणि बाजूनं तुरीच्या तुराट्या रोव. शिर्क्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली मी अम्मीच्या फळीवरून उचलली. ती गेल्याचं अम्मीला दोन दिवसांनी कळलं तेव्हा घरात जे झालं ते इथं लिहीत नाही.

त्यानंतर भुंगेरे मिळू लागले, आणि माझी दुनिया बदलली. काळे चकचकीत, हिरव्या धातूसारखे, मातकट, तांबूस मानेचे. काही तिळाएवढे, काही अंगठ्याएवढे. एक जात अशी की डिवचलं की मागून 'फुस्स' करून धूर सोडायची. हे सारे शिकारी : अळ्या, किडे, गोगलगायी खाणारे. घरी त्यांना ठेवायला जागा नव्हती. अब्बांकडे छपाईच्या जुन्या खिळ्यांची एक लाकडी पेटी रिकामी पडली होती, खणाखणांची. पूर्वी एका खणात 'क', दुसऱ्यात 'ख', असे शिशाचे खिळे असायचे. त्या पेटीचे मी तीन भाग केले आणि एका खणात एक जात ठेवत गेले. अम्मी लांबूनच म्हणायची, "शादी की उमर में लड़की कीड़े जमा कर रही." अब्बा मात्र चष्मा कपाळावर चढवून पेटीत वाकत. एकदा म्हणाले, "बेटा, बरडाची जुळणी लय दाट आहे वं. निलगिरीच्या खणात तं नुसता मोकळा कागद."

खरंच तसं होतं. उघड्या बरडाचे खण भरत चालले होते, नाल्याचे त्यांहून वेगळे पण तेही भरले होते, आणि निलगिरीच्या बाजूला मुंग्या वगळता एकच एक बारीक तपकिरी जात पुन्हापुन्हा यायची. बरडावरच्यांत सगळ्यांत देखणा होता तो मोठा काळा, पाठीवर सहा पांढरे ठिपके असलेला. पहिला जिवंत मिळाला तो मी हातात धरला, आणि त्यानं मागून अशी काही पिचकारी मारली की बोटावर पिवळा डाग पडला आणि संध्याकाळपर्यंत आग होत राहिली. मी त्याच्यावर फिदा झाले. एवढंसं अंग, आणि हा बाणा!

पोळा झाला आणि बातमी आली. बरडावर चर खोदून झाडं लावायची योजना मंजूर होत होती. दिवाळीनंतर जेसीबी चढणार. फक्त ग्रामसभेचा ठराव बाकी होता. कागदावर बरडाच्या नावापुढं एकच शब्द होता : पडीक. सरपंच गजाननभाऊ वाईट माणूस नव्हता, हे मला आज नीट लिहायचं आहे. त्याला गावात सावली हवी होती, पोरांना काम हवं होतं. झाडं लावण्याविरुद्ध बोलणार कोण? मी बोलणार होते. इंगोले मॅडम तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला गेलेल्या. मी कुणाला विचारलं नाही. एका दुपारी बसून पत्रक लिहिलं, आणि अब्बांकडचे सगळ्यांत मोठे लाकडी ठसे, जे फक्त निवडणुकीला आणि सर्कशीला बाहेर निघत, ते मागितले. मथळा होता :

जगात कुठेही नाही असा जीव आपल्या बरडावर!

अब्बांनी मथळा वाचला. "हे तुले कोणं सांगतलं?"

"मी सगळीकडे पेले लावले अब्बा. नाल्यात नाही, निलगिरीत नाही. फक्त बरडावर आहे."

"सगळीकडं म्हणजे तीन जागी."

"तुम्ही छापताय की नाही?"

त्यांनी छापलं. गिऱ्हाइकाचा मजकूर छापताना ते वाद घालत नसत, आणि त्या दिवशी मी गिऱ्हाईक होते. शिरपूरच्या बाजारात, फाट्यावर, कुसळखेडच्या घराघरांत मी ती पत्रकं वाटली. जे झालं ते माझ्याही कल्पनेबाहेर होतं. गाव फुगलं. पोरं बॅटऱ्या घेऊन बरडावर किडा बघायला जाऊ लागली. तरुण मंडळानं एसटी थांब्याच्या भिंतीवर हातभर लांब काळा भुंगेरा रंगवला, सहा ठिपक्यांसकट, आणि खाली लिहिलं : 'जगात एकमेव : कुसळखेड'. चहाच्या टपरीवर लोक म्हणू लागले की जेसीबी आपल्या बरडावर चढूच देणार नाही. मी सातव्या आसमानात होते.

ग्रामसभेला तीन दिवस उरले असताना मी वर गेले. तुळसामाय दगडावर बसून भाकर आणि ठेचा खात होती. तिनं अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. माझ्या लक्षात आलं की एवढ्या गावाला पत्रक वाटलं, पण हिला वाचता येत नाही म्हणून हिला दिलंच नाही. मी पिशवीतून एक काढलं आणि ठासून वाचून दाखवलं. सहा ठिपक्यांपाशी आले तशी ती घास चावायची थांबली.

"म्हणजे आपला आगमुत्या?"

"काय?"

"अवं, काळा, मोठा, मागून आग मुतते तो. आगमुत्या. तोच ना?"

"हो, तोच."

"तो तं माह्या माहेरी बी हाये. पैनगंगेच्या पल्याड. माह्या बहिणीच्या गावी, रिसोडाकडं, तिथंबी हाये. जिथं जिथं असं बरड तिथं तिथं हाये. लहानपणी माह्या भावाच्या डोयात मुतला होता, दोन दिवस डोया उघडला नाई." ती पुन्हा घास चावू लागली. "तुले कोणं सांगतलं का जगात नाई म्हणून?"

भाकर तशीच पिशवीत टाकून मी डोंगर उतरले. फाट्यावर येऊन मी मॅडमना फोन लावला. पलीकडे बाळ रडत होतं. त्यांनी वर्णन ऐकलं आणि म्हणाल्या, "नसरीन, हा तर देशात कुठल्याही कोरड्या माळावर सापडतो. फार जुना माहितीतला आहे. दुर्मिळ नाहीच तो. पण तुझ्या बाकीच्या खणांचं काय? मी तुला एक किडा शोधायला नव्हतं पाठवलं, कोण कोण एकत्र नांदतं ते बघायला पाठवलं होतं." मी तुळसामायचं सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "ज्या बाईला ठाऊक होतं तिला विचारायचं राहिलं, एवढंच ना? ते मोठ्यामोठ्यांचं राहतं."

मी पुन्हा चढून तुळसामायकडे गेले. सांगितलं, दुरुस्ती छापावी लागेल.

ती ताडकन उभी राहिली. "काहून? कोणं इचारलं तुले? मी सांगत नाई कोणाले. तुही मॅडम नांदेडले. तीन दिवस तोंड शिवून बस. सभा झाली का मंग काय छापायचं ते छाप."

"पण ते खोटं आहे, माय."

"माह्या बकऱ्या तुह्या खरेपणावर चरतील का?"

खरं सांगायचं तर मी त्या दिवशी गाडीत बसून तिच्याच बाजूनं विचार करत घरी आले. पत्रक चुकीचं असलं तरी काम बरोबर होतं. माझं वय वीस होतं, आणि मोठ्या कामासाठी छोटं खोटं चालतं हे सांगणारी माणसं तेव्हाही पुष्कळ होती.

अब्बांच्या छापखान्यात एक रीत होती. चूक ज्या ठशात गेली, दुरुस्ती त्याच ठशात. आणि चूक जितक्या हातांत गेली, दुरुस्ती तितक्याच हातांत. एकदा कुण्या जिवंत माणसाचं नाव तेरवीच्या पत्रात छापलं गेलं होतं, तेव्हा अब्बांनी तो माणूस जिवंत असल्याचं पत्रक काळ्या चौकटीसकट त्याच मापात काढलं होतं. गल्ली महिनाभर हसत होती. मी घरी येऊन सगळं सांगितलं आणि त्यांनी त्या रीतीची आठवण द्यायच्या आतच भांडायला सुरुवात केली.

"तुमच्या नियमानं बरड जाईल अब्बा!"

"मी तं काही बोललोच नाई."

"तुम्ही बोलत नाही, नुसते बघता!"

अब्बांनी हातावरची शाई रॉकेलच्या फडक्यानं पुसली, मशीनपासून बाजूला झाले आणि स्टुलावर बसले. "पत्रक तुहं. नाव खाली तुहं. मशीन रिकामं आहे. छापाचं तं छाप, नाई छापाचं तं नको छापू. मी आज हात लावत नाई." आतून अम्मी आली, दारात उभी राहिली. तिनं दोघांकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "पहले खाना खा. भूके पेट झूठ आसान लगता है."

मी वरण-भात जेवले. मग उठून स्वतः ठसे लावले. तोच लाकडी संच, तेच माप. 'जाहीर दुरुस्ती : तो जीव जगात इतरत्रही आहे. चूक माझी.' खाली बारीक अक्षरांत लिहिलं की तरीही बरड का वाचवायचं ते मी सभेत येऊन सांगेन, ज्यांना ऐकायचं त्यांनी यावं. पहिली प्रत निघाली तेव्हा हाताला लागलेली शाई मला अजून आठवते. मी फुशारकी मारते असं वाटेल, पण लिहून टाकते : त्याआधी मी अन्यायाविरुद्ध पुष्कळ लिहिलं होतं, स्वतःविरुद्ध पहिल्यांदाच लिहीत होते, आणि अक्षर तितकंच मोठं ठेवलं होतं.

वाटायला गेले तेव्हा कुणी सोडलं नाही. शिरपूरच्या बाजारात एक कांदेवाला ओरडला, "काहो किडेवाल्या बाई, तुमच्या किड्याची बदली झाली का?" दुसरा म्हणाला, "मागच्या आठवड्यात एकच होता म्हणे, आता त्याचं खानदान निघालं!" कुसळखेडच्या थांब्यावर मंडळाची पोरं चुना घेऊन 'जगात एकमेव' पुसत होती. माझ्याशी एक शब्द बोलली नाहीत. भुंगेरा मात्र त्यांनी तसाच ठेवला. तुळसामाय त्या दिवशी वाटेत दिसली तरी बकऱ्या हाकत दुसऱ्या बाजूनं निघून गेली.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. मी खिळ्यांची पेटी चादरीत गुंडाळून नेली होती. अब्बा न सांगता आले आणि मागं भिंतीला टेकून उभे राहिले. गजाननभाऊनं सुरुवातीलाच माझी दोन्ही पत्रकं वर धरली, एका हातात एक. "हे पाहा. आधी जगात नाई. मंग जगात आहे. आता बाई आपल्याले सांगणार का झाडं लावू नका. आमी का रिकामटेकडे आहो?" लोक हसले. मग तो माझ्याकडे वळला. टोमण्याच्या सुरात नव्हे, खरंच विचारावं तसं म्हणाला, "सांग बाई. दुर्मिळ नाई ना किडा? मंग वाचवायचं कायले?"

मी पेटी उघडली आणि मध्ये ठेवली. भाषण पाठ केलं होतं, ते विसरले. मी एवढंच म्हटलं की डाव्या बाजूचे खण आपल्या बरडाचे आहेत आणि उजव्या बाजूचे निलगिरीच्या टेकडीचे, तीही आधी बरडच होती. दोन्हीकडं सारखेच पेले लावले होते. एकेकानं येऊन बघा. कुणी उठेना. मग एक म्हातारा उठला, वाकला, आणि म्हणाला, "अरे, इकडं तं बाजार भरला, आन् इकडं सुट्टी!" त्यानंतर रांग लागली. बाया पुढं आल्या, पोरं बोटं घालू लागली. मी सांगत होते : हा अळ्या खातो, हा गोगलगाय खातो, हे बरडाच्या खालच्या कडेला, तुमच्या सोयाबीनच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून लावलेल्या पेल्यांतही मला सापडले आहेत. किती अळ्या खातात ते मला माहीत नाही, ते मी मोजलेलं नाही. गवत गेलं की हे जातात, एवढं मी पाहिलं आहे. तेवढंच सांगते.

"आधीबी पाह्यलंच होतं म्हणे," मागून कुणीतरी म्हणालं.

तेव्हा तुळसामाय उठली. मला वाटलं, आता संपलं.

"ते खोटं होतं हे दुरुस्तीच्या आधी कोणाले मालूम होतं?" ती म्हणाली. "कोणालेच नाई. मले मालूम होतं. मी हिले म्हणलं, तोंड शिवून बस. हिनं आयकलं नाई. सोताची इज्जत सोताच्या हातानं गावभर वाटली. मले राग आला होता, अजूनबी हाये." तिनं पेटीकडं हात केला. "पण जे माणूस आपलं खोटं आपणच येऊन सांगते, ते आता म्हणते का इकडं जीव हायेत आन् तिकडं नाई, तं मी तिचं आयकीन. आन् किड्याचं सोडा. निलगिरीच्या टेकडीवर बकरी चरते का? गजाननभाऊ, तूच सांग. तुह्या सोताच्या दोन बकऱ्या माह्यापाशी हायेत."

पडवीत हशा पिकला आणि या वेळी तो माझ्यावर नव्हता. गजाननभाऊनं मान खाजवली. मग बराच वेळ वाद झाला. कुणी म्हणे झाडं हवीतच, कुणी म्हणे सगळं तसंच ठेवा. शेवटी हात वर झाले. वरचं सपाट बरड जसं आहे तसं राहणार. झाडं लागतील ती खालच्या वाहून गेलेल्या उतारावर, तीही निलगिरी नव्हे, कडुलिंब आणि बोर. मी सगळं जिंकलं नाही. त्या उतारावर पुढं चर पडले आणि त्यांतली निम्मी झाडं आज उभी आहेत, चांगली आहेत, हेही मी लिहून ठेवते, कारण तेव्हा मी त्यांनाही विरोध केला होता. वरचं बरड मात्र आजही उघडंच आहे. मी दरवर्षी जाते, पेल्यांशिवाय, नुसती बसायला.

त्या दिवशी ठराव लिहायची वेळ आली. ग्रामसेवकानं रजिस्टर उघडलं, पेन झटकलं आणि विचारलं, "कारण काय लिहू? जमीन तर पडीक म्हणून नोंद आहे."

"पडीक नाई लिवायचं," तुळसामाय म्हणाली. "पडीक म्हणजे कोणीच वापरत नाई. आमी तं रोज वापरतो."

ग्रामसेवकानं लिहिलं आणि वाचून दाखवलं : सदर जमीन पडीक नसून गुरे, शेळ्या व मेंढ्या यांच्या वापरात आहे.

"आन् किडे?"

ग्रामसेवकानं पेन थांबवलं. "बाई, हा सरकारी कागद आहे. किडे कसे लिहू?"

"काहून? ते काय परगावचे हायेत?"

सगळे सरपंचाकडे बघू लागले. गजाननभाऊ आधी माझ्याकडे बघत होता, मग मागं भिंतीला टेकलेल्या अब्बांकडे, मग पुन्हा त्या खणांच्या पेटीकडे. हसू आवरत म्हणाला, "लिही बा. खरं आहे ते लिहाले काय भ्याचं?"

आणि ग्रामसेवकानं मेंढ्यांच्या पुढं, सरकारी रजिस्टरात, निळ्या शाईनं लिहिलं : व किडे.